देश ८.२ टक्क्यांनी वाढला, मग माझ्या दुकानात डब्यांना उठाव का नाही?

बर्तनबाजारवाला, इंदूर
७ डिसेंबर २०२५

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, पण उत्तर मला खरंच हवंय आणि तेही पंधरा तारखेच्या आत, कारण संक्रांतीच्या वाणाचा माल तेव्हा सांगावा लागतो.

राजवाड्याजवळ बर्तन बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. आम्ही कासार. पणजोबा खानदेशातून होळकरांच्या राज्यात आले तेव्हा तांबं-पितळ विकायचे, आजोबांच्या हातून स्टील आलं. मी स्वतः २६ वर्षं गल्ल्यावर बसतोय.

२८ नोव्हेंबरला बातमी आली की जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत देशाचा जीडीपी ८.२ टक्क्यांनी वाढला आणि लोकांचा घरगुती खर्च ७.९ टक्क्यांनी. ती वाचली त्या दिवशी दुपारी दोनपर्यंत माझी नुसती भवानी झाली होती, चहाचं एक पातेलं. आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. शहर डोळ्यांदेखत वाढतंय. बायपासच्या पलीकडे जिथे आम्ही लहानपणी हुरडा खायला जायचो तिथे इमारती उभ्या आहेत, ३१ मेपासून सुपर कॉरिडॉरवर मेट्रो धावतेय, रविवारी छप्पन दुकानला पाय ठेवायला जागा नसते. लोक खर्च करताहेत. तो खर्च माझ्या काउंटरपर्यंत का येत नाही, एवढाच माझा प्रश्न.

धनतेरस हा आमच्या धंद्यातला वर्षाचा निकाल. गेल्या वर्षी त्या दिवशी ३१२ बिलं फाटली होती, यंदा २७४. गल्ला मात्र जवळपास तेवढाच, गेल्या वर्षी २ लाख ४१ हजार, यंदा २ लाख ४४ हजार. म्हणजे माणसं अडतीस कमी आली. त्यात यंदा २२ सप्टेंबरपासून भांड्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला होता, आम्ही काचेवर तसा कागदही चिकटवला होता. गर्दी वाढेल म्हणून दोन पोरं जास्तीची ठेवली, ती दुपारी चारनंतर बसून होती.

माल काय उठला ते सांगतो. दीड हजाराच्या वरची ट्रायप्लाय (तीन थरांच्या पत्र्याची) कढई गेली, सगळी गेली, मागून मागवावी लागली. तांब्याच्या बाटल्या गेल्या. तांब्याचा भाव वर्षभर चढाच आहे तरी गेल्या. पितळेची समई, उरळी, घंगाळं असली सजावटीला ठेवायची भांडी नवीन फ्लॅटवाल्यांनी नेली, भाव न विचारता. राहिलं ते स्टील. पाच किलोचा पिठाचा डबा, सहा ताट-वाट्यांचा संच, कळशी, तूप ठेवायचं सट, दीडशे ते पाचशेचा सगळा माल. हा माल घेणारं गिऱ्हाईक माझं रोजचं होतं. परदेशीपुऱ्यातल्या, मालवा मिलकडच्या, रामबागेतल्या बायका सुनेला, लेकीला घेऊन यायच्या, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकायच्या, किलोचा भाव विचारायच्या, आणि डबा घेतला की म्हणायच्या, 'भाऊ, नाव घाल यावर.'

नावाचीच गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. नाव घालायचं यंत्र माझ्याकडे दाराशीच असतं. २०१९ च्या धनतेरसला त्या यंत्रावरून बोट उचलायला फुरसत नव्हती. यंदा मी मोजलं, ४१ भांडी. ट्रायप्लाय कढईवर कोणी नाव घालत नाही. नाव ज्यावर घालतात ते भांडं घरात पिढीभर राहायचं असतं, शेजारी जायचं असतं, लग्नात द्यायचं असतं.

अजून एक. पूर्वी मोड, म्हणजे जुनी भांडी, घेऊन येणारा माणूस त्या बदल्यात नवीन भांडं न्यायचा. आता पितळेची मोड देतात आणि फरक रोख मागतात. गेल्या सहा महिन्यांत हे जास्त दिसतंय. पितळेला भाव चांगला आहे हे खरं, पण आजीचा हंडा विकून रोख घेऊन जाणारी बाई काउंटरवरून खाली बघत जाते. मला ते पाहवत नाही.

वडिलांच्या जुन्या वह्या माझ्याकडे आहेत. त्यात दर महिन्याच्या पगाराच्या तारखांना खूण केलेली असायची. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण, या मिलांचे पगार झाले की दोन दिवस आमच्याकडे रांग. नव्वदच्या सुमारास हुकुमचंद बंद पडली, मग बाकीच्या एकेक करून, आणि वहीतल्या खुणा संपल्या. डिसेंबर २०२३ मध्ये हुकुमचंदच्या ४,८०० कामगारांच्या थकलेल्या देण्यापोटी २२४ कोटींचा चेक दिला गेला तेव्हा तीसेक वर्षं उलटून गेली होती. त्यानंतरच्या फेब्रुवारीत एक म्हातारबाबा नातीच्या लग्नासाठी संसाराची भांडी घ्यायला आले. सगळी, पोळपाटापासून परातीपर्यंत. प्रत्येकावर नाव घातलं, दीड तास लागला. वडील असते तर त्यांनी वहीत खूण केली असती.

तर मंडळी, मला तीन गोष्टी कळत नाहीत. देशाचा घरगुती खर्च ७.९ टक्के वाढतो तेव्हा तो कोण करतं आणि कशावर? दोनशे-पाचशेवाल्या गिऱ्हाइकाकडे पैसा आला नाही, की आला आणि दुसरीकडे गेला? आणि तिसरं, अगदी माझ्यापुरतं: गेल्या संक्रांतीला वाणाचे २,२०० नग मागवले होते, छोट्या स्टीलच्या वाट्या, त्यातले ५०० अजून माळ्यावर आहेत. भाईंदरचा व्यापारी म्हणतो तीन हजार घेतलेत तर नगामागे दीड रुपया कमी लावतो. घेऊ का नको?


निवृत्त गणक, बडोदा
७ डिसेंबर, रात्री

बर्तनबाजारवाले, नमस्कार. सरकारी सांख्यिकी खात्यात ३१ वर्षं गेली, आता बडोद्याला मुलाकडे असतो. तुमचा पहिला प्रश्न माझ्या आवडीचा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

८.२ हा आकडा भाववाढ वजा करून काढलेला असतो. तुमच्या भाषेत सांगायचं तर ती डब्यांची संख्या झाली, गल्ला नव्हे. समजा गेल्या वर्षी देशाने १०० डबे केले, यंदा १०८. गल्ल्याचा, म्हणजे चालू भावांनी मोजलेला आकडा त्याच तिमाहीत ८.७ टक्के आहे. दोन्हींत जेमतेम अर्ध्या टक्क्याचा फरक, कारण भाव वाढलेच नाहीत. ऑक्टोबरचा किरकोळ महागाईचा दर तर ०.२५ टक्का होता, २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेतला तोवरचा सर्वांत कमी. २०२२-२३ मध्ये याच देशात चालू भावांची वाढ चौदा टक्क्यांच्या आसपास होती. तेव्हा प्रत्येक दुकानदाराला धंदा जोरात वाटला, कारण गल्ला फुगत होता. २०२४-२५ मध्ये ती ९.८ होती. तुम्ही गल्ला रुपयांत मोजता, म्हणून बातमीतलं वारं तुम्हाला लागत नाही. शिवाय ज्या तिमाहीशी ही तुलना आहे, गेल्या वर्षीची, ती ५.६ टक्क्यांची होती. खालच्या पायरीवरून मारलेली उडी उंच दिसते.

आता घरगुती खर्च. हा आपल्या जीडीपीचा सुमारे साठ टक्के भाग. पण त्यात भांडी, कपडे, किराणा एवढंच येत नाही. शाळेची फी, दवाखाना, रिचार्ज, प्रवास, हॉटेल, भाडं, इतकंच काय, स्वतःच्या घरात राहणाऱ्याचं मानीव भाडंसुद्धा (तेच घर भाड्याचं असतं तर द्यावं लागलं असतं ते) त्यात धरलेलं असतं. तुमचा डबा त्या ढिगाऱ्यात फार खाली आहे.

२०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीत शहरी माणसाचा दरमहा सरासरी खर्च ६,९९६ रुपये निघाला, ग्रामीण ४,१२२. तुमच्या मध्य प्रदेशात शहरी ५,५३८. म्हणजे इंदूर कितीही झगमगलं तरी तुमच्या बाजारात येणारं राज्य देशाच्या सरासरीच्या खाली आहे. त्याच पाहणीत शहरातला ११ टक्के खर्च तयार खाद्यपदार्थ आणि पेयांवर, साडेआठच्या आसपास प्रवासावर, साडेसहाहून थोडा जास्त भाड्यावर. धान्याचा वाटा आता चार टक्केही नाही. ज्या घरात धान्य कमी साठवतात आणि बाहेरचं जास्त खातात, तिथे पाच किलोचा पिठाचा डबा कशाला लागेल?

दुसरी बाजूही नमूद करतो. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांत २०२२-२३ मध्ये घरांची निव्वळ आर्थिक बचत जीडीपीच्या पाच टक्क्यांच्या आसपास आली होती, कित्येक दशकांतली नीचांकी. लोकांनी कर्ज काढून घेतलं, घर, गाडी, फोन. ते हप्ते आज चालू आहेत.

एक शंका विचारतो, राग मानू नका. गल्ला तुम्ही करासकट मोजलात का?


विजयनगरचा पोरगा
८ डिसेंबर

काका, आमच्याकडे तीन जण मिळून फ्लॅटमध्ये राहतो. गाळणी, लायटर, चाकू, पातेलं, सगळं ब्लिंकिटवरून आलं. गाळणी तुटली तेव्हा चहा गॅसवर होता, दहा मिनिटांत नवीन आली. तुमच्या बाजारात यायचं तर गाडी कुठे लावायची हाच पहिला प्रश्न. राजवाड्याला पार्किंगसाठी अर्धा तास फिरलोय मी. तुमचं दुकान वाईट म्हणून येत नाही असं नाही, एवढंच सांगायचं होतं.


सुदामानगरची
८ डिसेंबर

दादा, मी तुमच्याच पाचशेवाल्या गिऱ्हाइकांपैकी. लग्नात आईने दिलेले डबे तुमच्या बाजारातलेच असणार, त्यावर माहेरचं नाव आणि १२-५-२००४ तारीख आहे. एकही डबा गंजला नाही की पिचला नाही. मग मी नवीन का घेऊ? आधी हे उत्तर, मग बाकीचं.

पैसा आला की नाही म्हणाल तर आला. यांची नोकरी पिथमपूरला, महिन्याला ६२ हजार हातात. चार वर्षांपूर्वी ४८ होते. बजेटमध्ये बारा लाखांपर्यंत कर नाही म्हणाले तेव्हा यांचा थोडाफार कापला जाणारा करही थांबला. हे सगळं खरं. आता कुठे जातो ते ऐका. घराचा हप्ता १७,४०० रुपये. व्याजदर यंदा फेब्रुवारीपासून चारदा उतरले, चौथ्यांदा परवाच्या शुक्रवारी, पण बँकेने हप्ता तोच ठेवून महिने कमी केले. वीस महिने लवकर सुटू म्हणाले, चांगलंच आहे, पण हातात या महिन्याला एक रुपया जास्त आला नाही. मोठीची भंवरकुआंला कोचिंग, वर्षाची फी दोन हप्त्यांत, महिन्यावर पसरली तर साडेसात हजार पडते. धाकट्याची शाळा आणि व्हॅन मिळून पाच. चार फोनचे रिचार्ज. सासूबाईंची औषधं. मेडिक्लेमच्या प्रीमियमवरचा १८ टक्के जीएसटी सप्टेंबरपासून शून्य झाला, आमचे साडेचार हजार वाचले, ते मोठीच्या चष्म्यात गेले. किराणा, दूध, भाजी मिळून चौदा-पंधरा. पेट्रोल. आणि दादा, खोटं कशाला बोलू, बाहेरचं खाणं महिन्याला तीन हजार. मुलं मागतात, मीही दमलेली असते. फोनवरून पैसे देताना चाळीस, नव्वद, एकशेवीस असे जातात, ते खर्चासारखे वाटतच नाहीत. महिनाअखेरीला बँकेची पानं बघितली की कळतं.

मी पूर्वी भिशीचे पैसे आले की भांडं घ्यायची. आता भिशीचे पैसे कोचिंगचा दुसरा हप्ता भरायला ठेवते. भांडं घेणं ही माझी स्वतःची, माझ्या हातातली खरेदी होती. ती गेली याचं मला वाईट वाटतं, तुम्ही विचारलंत म्हणून आज पहिल्यांदा लिहून पाहिलं.

वाणाचं सांगते. आमच्या मंडळात पूर्वी साठ बायका यायच्या, सगळ्यांकडे संक्रांत ते रथसप्तमी रोज कुठे ना कुठे हळदीकुंकू. आता नोकरीवाल्या जास्त, आम्ही पस्तीस जणी एकाच रविवारी हॉलमध्ये करतो. वाणाला एका नगाचे वीस ते तीस रुपये, त्यावर कोणी जात नाही. आणि छोट्या वाट्या आता खरंच नकोत. प्रत्येकीच्या ओट्याखाली अशा वाट्यांची पिशवी आहे, सहा वेगवेगळ्या मापांच्या, एकावर एक बसत नाहीत त्या. गेल्या वर्षी मी लुटलं ते सुती पिशव्या. रोज हातात येईल असं काही द्या ना. चहाची गाळणी द्या, पण ती प्लास्टिकच्या मुठीची नको, बारीक जाळीची, पूर्ण स्टीलची, दोन वर्षं टिकेल अशी. सांडशी द्या. त्या वरच्या पोराची गाळणी तुटली म्हणाला ना, ती अशीच कुठलीतरी पातळ असणार.

आणि नाव घालणं बंद करू नका. गाळणीच्या दांड्यावर नाव घालता येतं का?


देवासकर
९ डिसेंबर

भाऊ, तुमचं धनतेरसचं गिऱ्हाईक कमी का आलं याचं एक कारण बर्तन बाजारात सापडणार नाही, ते आमच्या शेतात आहे.

मी देवासला मंडीत एका आडत्याकडे हिशेब बघतो, घरची नऊ बिघे शेती आहे. सगळ्या माळव्याची दिवाळी सोयाबीनवर होते. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन निघतं, ट्रॉली मंडीत येते, रोख पैसा घेऊन माणूस थेट इंदूरला जातो. कपडा सीतलामाताला, भांडं तुमच्याकडे, किराणा सियागंजला. यंदा पीक पिवळ्या मोझॅक रोगाने आणि उशिरापर्यंत लांबलेल्या पावसाने मार खाल्लेलं. आमच्या नऊ बिघ्यांत गेल्या वर्षीच्या निम्मं निघालं. हमीभाव ५,३२८ रुपये, मंडीत भाव त्याहून हजार-बाराशेने खाली, ओलं असलं तर अजून खाली. सरकारने भावांतर योजना आणली, म्हणजे मंडीत विका, फरक खात्यात जमा होईल. पण तिची विक्री सुरू झाली २४ ऑक्टोबरला. धनतेरस होती १८ ला, दिवाळी २० ला. आता मला सांगा, ज्याला ठाऊक आहे की सहा दिवस थांबलं तर क्विंटलमागे हजाराहून जास्त मिळणार आहेत, तो आधी माल का विकेल? ट्रॉल्या घरीच उभ्या होत्या. आमच्या गावात धनतेरसला कित्येकांनी नुसती झाडू आणि धणे घेतले.

फरकाचा पहिला पैसा नोव्हेंबरच्या मध्याला खात्यात यायला लागला. त्यात देवउठनी एकादशी झालेली, लग्नं सुरू. आणि राज्य सरकारच्या लाडली बहना योजनेचे महिन्याला १,२५० होते ते नोव्हेंबरपासून १,५०० झाले. राज्यात सव्वा कोटीहून जास्त बायकांच्या खात्यात ते जातात. माझ्या वहिनीला मिळतात. पहिल्या वर्षी तिने ते मोबाइलच्या हप्त्याला लावले, आता म्हणते, स्वयंपाकघराला लावीन. तिच्यासारख्या बायका दोनशे-तीनशेचं घेतात, पण स्वतः घेतात, नवऱ्याला विचारून नाही.

धनतेरस सोडा, दिवाळीनंतरची वही बघा. माझा अंदाज चुकला तर इथे लिहा.


बर्तनबाजारवाला, इंदूर
१२ डिसेंबर

मंडळी, तीन रात्री वह्या घेऊन बसलो. सगळ्यांचे मनापासून आभार.

गणककाका, राग कसला, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. गल्ला मी करासकट मोजला होता. गेल्या वर्षीचे २ लाख ४१ हजार १२ टक्के कराचे, यंदाचे २ लाख ४४ हजार ५ टक्के कराचे. कर बाजूला काढला तर २ लाख १५ हजार आणि २ लाख ३२ हजार. म्हणजे माझं दुकान धनतेरसला आठ टक्क्यांनी वाढलं. देशाएवढंच! कागदावर हा आकडा आला तेव्हा मी बराच वेळ बघत राहिलो. माणसं अडतीस कमी आणि धंदा आठ टक्के जास्त, एकाच दिवसाच्या, एकाच वहीत. एका बिलाची सरासरी ६९० वरून ८४८ वर गेलीय. मी दीड महिना धंदा बसला म्हणून झोपलो नव्हतो. धंदा बसला नव्हता. अडतीस माणसं आली नव्हती, आणि मला बोचत होतं ते तेच. माझ्यापुरतं बोलायचं तर त्या अडतीस जणांशिवाय झालेली वाढ मला पुरेशी वाटत नाही. कढई घेणारा ग्राहक चांगला आहे, पण तो परत तीन वर्षांनी येईल. रामबागेतली बाई दर दोन महिन्यांनी यायची, आणि येताना कुणाला तरी घेऊन यायची.

देवासकर, तुमचा अंदाज बराचसा खरा ठरला. दिवाळीनंतरचे चाळीस दिवस दोन्ही वर्षांचे काढले, कारण गेल्या वर्षी दिवाळी दहा-बारा दिवस उशिरा होती. बिलं गेल्या वर्षी १,०१८, यंदा १,०६१. थोडीच जास्त, पण घागरी, पराती, मोठी पातेली, म्हणजे गावाकडचा आणि लग्नाचा माल, त्यात जास्त आहे. मी ती वाढ बघितलीच नव्हती, कारण धनतेरसचं मनात घेऊन बसलो होतो. नोव्हेंबरची पंधरा तारीख वडिलांच्या पद्धतीने लाल शाईने वहीत लिहिलीय. पुढच्या वर्षी धनतेरसला सगळा स्टीलचा माल भरून ठेवणार नाही, अर्धा नोव्हेंबरला आणीन. आणि मोड देऊन रोख मागणाऱ्यांचं मला अजून समजलेलं नाही. सोयाबीनवाल्या गावांतून आले की शहरातून, हे मी लिहून ठेवलं नाही. आजपासून लिहितोय.

विजयनगरच्या बाळा, पार्किंगचं तू म्हणतोस ते आम्ही व्यापारी सगळे जाणतो आणि रोज त्याच गल्लीत आमच्याच गाड्या लावतो. माझी गाडी सोमवारपासून मी नंदलालपुऱ्याकडे लावून चालत येतोय. एका गिऱ्हाइकाची जागा झाली.

सुदामानगरच्या ताई, तुमचं लिहिलेलं घरी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आमचंही असंच आहे, तुम्हाला कधी दिसलं नाही. तिने वाट्यांची पिशवी ओट्याखालून काढून समोर ठेवली. नऊ मापं निघाली.

तेव्हा ऑर्डर अशी दिली: वाट्या शून्य. गाळण्या १,२००, पूर्ण स्टीलच्या, बारीक जाळीच्या. भाईंदरचा नमुना पातळ होता, तो परत केला, जगाधरीचा जाड दांड्याचा आला तो ठरवला. एक नग २६ रुपयांना देता येईल. सांडशा ४००, त्या ३८ ला पडताहेत, तुमच्या हिशेबाबाहेर जातात हे कळतं, पण लग्नाच्या आहेरात चालतील. तीन हजारांचा सौदा सोडला. माळ्यावरच्या ५०० वाट्या देवासकरांच्या गावच्या अंगणवाडीत चालतील का, त्यांनी विचारून सांगावं. मापं सगळी एकच आहेत, एकात एक बसतात.

दांड्यावर नाव घालता येतं. काल एका गाळणीवर घालून पाहिलं, अक्षर बारीक येतं पण वाचता येतं. माल २८ तारखेला उतरेल. ताई, तुमच्या मंडळाच्या पस्तीस बाजूला ठेवतो, नावांची यादी देवनागरीत लिहून पाठवा. नाव घालायचे पैसे नाहीत.